सायलीला पत्र: दिवाण आणि ग्राइंडर

आडिवरे, २७ एप्रिल

चि. सायलीस अनेक आशीर्वाद,

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मीही पुन्हा लावला नाही. तुझी आई म्हणाली, बोलून वाढतं, लिहून काढा. म्हणून लिहितोय. पडवीचं लाकूड नेलंस याचं मला वाईट वाटलेलं नाही. दामूकाका काही म्हणाला तर ते मी बघेन. ते लाकूड पावसात कुजण्यापेक्षा तुझ्या खोलीत दिवाण होऊन राहिलेलं बरं.

तुझ्या फोटोत तो हातात धरायचा अँगल ग्राइंडर दिसला. त्याला दातेरी पातं लावलेलं आणि गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, काढलेला. त्याबद्दल मी लिहिणार नाही, रविवारी बोललो तेवढं पुरे. दिवाणाचंच लिहितो.

६ बाय ३ फुटांचा करते आहेस. आतली लांबी ७० इंच धर. ४ इंच रुंदीच्या १३ पट्ट्या आणि मधे दीड-दीड इंचाच्या १२ फटी, हिशेब बरोबर जुळतो. फटी बुजवून सलग फळी टाकायचा मोह होईल, पण तसं करू नकोस. तुझ्याकडे मिऱ्यावर, समुद्राकाठी, जुलैत गादीखाली हवा खेळली नाही तर पंधरा दिवसांत बुरशी धरते. पट्टी ३४ इंच लांब, पाऊण इंच जाड. खाली मधोमध एक आडवी दांडी आणि तिला मधला पाय दे, म्हणजे फणसाच्या पट्ट्या लवणार नाहीत.

माळ्याच्या फळ्या ९ इंच रुंद, ६ फुटी आहेत. एकीतून चार पट्ट्या निघतात. म्हणजे ४ फळ्यांत १६ होतील, १३ लागतील, ३ हाताशी राहतील. फळीच्या कडेचा पांढरट भाग मात्र काढून टाक, भुंगा तिथूनच शिरतो. आतल्या पिवळ्या लाकडाला तो सहसा लागत नाही. पायांना ऐनाच्या वाशांचे तुकडे घे, ३ बाय ३ इंचाचे. बाजूच्या पट्ट्यांसह सगळं लाकूड पावणेदोन घनफुटांच्या आत बसतं. इंच गुणिले इंच गुणिले फूट, भागिले १४४, स्वतः करून बघ. वखारीत कधी विकत घ्यायची वेळ आली तर हा हिशेब आधी घरी करून जायचं.

आता खिळे. पडवी तीनदा दुरुस्त झाली आहे, त्यामुळे एकेका वाशात चार पिढ्यांचे खिळे असतील. डोके तुटलेले तर दिसतही नाहीत. बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांध आणि फळीवरून सावकाश फिरव. ते ओढलं की तिथे खडूची खूण कर. ऐनावर जिथे काळा डाग दिसेल तिथेही लोखंड समज, कारण ऐनातलं टॅनिन लोखंडाला लागलं की लाकूड काळं पडतं. त्याच पात्याचा दात अशा खिळ्यावर आदळला तर काय होतं, हे तुला सांगायला नको. बघ, पुन्हा तिथेच आलो.

आलोच आहे तर एकदा सांगून टाकतो. तो ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. दगड, लोखंड घासायला ठीक आहे. लाकूड कापताना फळी दोन्ही टोकांना टेकलेली असली की काप पूर्ण होत आल्यावर ती मधे लवते, काप मिटतो, पातं चिमटतं आणि यंत्र उलटं अंगावर येतं. ते आलेलं कळायच्या आत आलेलं असतं. त्याचं बटण सरकवायचं आहे, हात सुटला तरी ते चालूच राहतं. आणि फोटोत तू हातमोजे घातले होतेस. फिरणाऱ्या पात्याजवळ हातमोजा नको, त्याचा धागा अडकला तर तो बोटांना आत ओढतो. माझा अंगठा तू लहानपणापासून बघते आहेस, त्यावर जास्त लिहीत नाही.

रागावू नकोस, बाय. तुला येत नाही असं मी म्हणत नाही. नववीत केलेलं तुझं स्टूल अजून देवघरात आहे. त्याच्या पायांना तू अर्ध्या जाडीच्या खाचा घेऊन सांधे बसवले होतेस, एकही खिळा न मारता. माई जाईपर्यंत त्यावरच बसून वाती वळायची. परवा आईने ते उलटं करून पुसलं तर खाली पेन्सिलने मोजमापं लिहिलेली, पुढे आकड्यांची बेरीज, एक चुकलेली आणि खोडलेली. कुठे ना कुठे तुझी आठवण निघतेच. असो.

मला म्हणायचं होतं ते हे की या कामात तुझ्या हातात कापायच्या यंत्राची गरजच नाही. लांबीत फाडायच्या फक्त ४ फळ्या. खिळे काढून त्या लाकूड कापायच्या गिरणीत ने. खिळे असलेलं जुनं लाकूड ते घेत नाहीत, त्यांचं पातं जातं. साफ करून नेलंस तर काही मिनिटांचं काम आहे. मग पट्ट्यांचे आडवे २४ काप उरतात, आठ लांब पट्ट्यांना तीन-तीन. फणसाचे चोवीस काप हातकरवतीने पाऊण तासात होतात. गुण्या (काटकोन) लावून आधी कटरच्या पात्याने रेघ खोल ओढ, म्हणजे कड फाटणार नाही. करवत आधी दोनदा मागे ओढायची आणि मग पुढे चालवायची. ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लाव, गार्ड आणि चष्म्यासकट, तर माझी हरकत नाही.

स्क्रू ३०४ स्टेनलेस स्टीलचे घे, ८ नंबर, दीड इंची. पट्ट्यांना प्रत्येक टोकाला दोन म्हणजे ५२ लागतील, साठ आण. साध्या लोखंडाचे घेतलेस तर खाऱ्या हवेत गंज धरून डोकी तुटतील. पितळी दिसायला छान, पण मऊ असतात, ऐनात पिळताना मोडतात. ऐनाला ३ मिमीचं भोक आधी पाडायचंच आणि स्क्रूला साबण लावायचा. नाहीतर टोकाकडचं लाकूड तडकेल.

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड गरम करून विरघळव आणि लाकडाला दोनदा लाव. हे घरातल्या लाकडालाच, पावसात धुऊन जातं. पाच-सहा दिवस उन्हात चांगलं वाळलं की मग जवसाचं डबल बॉइल्ड तेल, तीन पातळ हात, मधे एकेक दिवस. पायांच्या तळाला जास्त पाज, पाणी तिथूनच चढतं, आणि खाली पाइपच्या टोप्या बसव. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळव. काजूच्या टरफलाचं तेल मात्र आणू नकोस. वाशांना ते उत्तम, पण कच्चं असलं तर अंगावर फोड येतात, आणि तू त्यावर झोपणार.

मोरीच्या दाराचं विचारलं होतंस. पावसात अडलं तरी जुलैत रंधा मारू नकोस, मेमध्ये बोटभर फट पडेल. कुठे घासतंय तिथे खडू लावून खूण करून ठेव. ऑक्टोबरात मी येईन तेव्हा बघू.

लेक्चर झालं खरं. आईने वाचून तेच म्हटलं आणि दोन ओळी खोडायला लावल्या. तू स्वतःच्या पैशाने खोली घेतलीस आणि स्वतःच्या हाताने सजवते आहेस, हे गावात मी दोनदा-तीनदा सांगून झालंय. ज्यांना सांगितलं त्यांना पात्याचं मात्र सांगितलं नाही.

माझी मोठी करवत उद्याच्या सकाळच्या एसटीने पाठवतोय, कंडक्टरकडे. दात कालच कानशीने लावलेत आणि कांद्याच्या गोणीत गुंडाळली आहे. सोडताना दातांच्या बाजूने हात घालू नकोस. मूठ आजोबांची आहे, किंचित हलते, पण त्यांनाही ती तशीच लागायची. स्टँडवर अकराच्या आधी जा.

आणि गार्ड परत बसवलास की फोटो पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझे अण्णा