बाबांची हिरवी कॅप्सूल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, या महिन्याच्या औषधांत ती ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल नसेल. डॉक्टरांशी बोलून मीच मेडिकलवाल्याला ती काढायला सांगितली. तुम्हाला आधी विचारलं नाही, हे मला खुपतंय. पण "तिनंच मुंग्या कमी होतात" असं तुम्ही म्हणालात की माझा धीर सुटतो, म्हणून लिहितेय.

नसांना ई जीवनसत्त्व लागतं, हे खरंच आहे. ते फार कमी पडलं तर पाय बधिर होतात, तोल जातो. पण इतकी कमतरता बहुधा चरबी न पचण्याच्या आजारात किंवा जन्मजात दोषातच होते. तुमच्या मुंग्या साखरेच्या धरल्या, तरी उपयोग नाही. मलेशियात याच कुळातलं टोकोट्रायनॉल मधुमेहींना रोज ४०० मिलिग्रॅम, वर्षभर दिलं. २०१८ साली निकाल आला: एकूण त्रासात फरक नाही. शरीराला दिवसाला १५ मिलिग्रॅम पुरतं, तुमच्या कॅप्सूलमध्ये ४००! एवढं ई पोटात गेलं की के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा येऊ शकतो, रक्त थांबायला वेळ लागू शकतो. त्यात तुमची स्टेंटनंतरची रक्त पातळ करायची गोळी. आत्याच्या वेळचे ते दोन दिवस मला पुन्हा नकोत.

खरा संशय बी-१२ वर आहे. इतकी वर्षं साखरेची ती मेटफॉर्मिन गोळी, शिवाय आपलं शाकाहारी जेवण. दोन्हींनी ते घटतं आणि मुंग्या येतात. गुरुवारी सकाळी सातला रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरीच येईल, तुम्हाला जिना उतरायचा नाही. तोवर कुणी सुचवलेली "नसांची गोळी" घेऊ नका, तिच्यात बी-१२ असलं तर आकडा फसवा येईल. शिवाय तिच्यात बहुधा बी-६ ही असतं, आणि ते जास्त डोसात बरेच महिने घेतलं तर त्यानंच पाय बधिर होतात. मेटफॉर्मिन मात्र मनानं बंद करायची नाही.

आई, भिजवलेले बदाम चालू ठेव, शेंगदाण्याचं कूटही. मूठभर बदामांत ७ मिलिग्रॅम ई असतं, म्हणजे बाबांचं काही हिरावलेलं नाही. त्यांच्या आंघोळीचं पाणी तू कोपरानं बघ, त्यांच्या पायांना चटका कळत नाही. गरम पिशवीनं शेक अजिबात नको. तळव्यांना खोबरेल लाव, बोटांच्या बेचक्यात नको, तिथं ओल राहून चिखल्या होतात. माझ्या पायातला काटा काढताना बाबा चष्मा लावून, पाय मांडीवर घेऊन बसायचे ना, तसे रोज रात्री त्यांचे तळवे बघ. लाल डाग, फोड, चीर दिसली तर त्याच दिवशी फोन कर, माझी मीटिंग असली तरी.

बाबा, रागावला असाल तर रागवा. पण घरातसुद्धा चप्पल घाला, त्या मऊ निळ्या.

तुमची,
छकुली