विषय: झेंडा लावल्यावर वाकलेला झेंड्याचा खांब

नमस्कार कस्टमर केअर,

तुमच्याकडून घेतलेला २० फुटी ॲल्युमिनियमचा टेलिस्कोपिक पोल झेंडा लावल्यापासून पाचव्या दिवशी वाकला आणि त्यावर तुमचा मेल आला की वारा असताना झेंडा उतरवायला हवा होता, वॉरंटी लागू नाही. वाचून आधी हसू आलं, मग डोकं फिरलं.

घेताना मी तुमच्या माणसाला दोनदा विचारलं होतं, अखंड पाईपचा घेऊ की हा सरकवून लांब होणारा. तो म्हणाला टेलिस्कोपिकच घ्या, पुली नाही, दोरी नाही, रात्रभर दोरी खांबावर आपटून टणटण नाही, आणि ताशी १०० किमीचा वारा आरामात झेलतो. टणटणीचं लगेच पटलं कारण बेडरूमची खिडकी तिथेच आहे. पण तो १०० चा आकडा नुसत्या पोलचा, झेंडा लावला की ५०, हे मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात! अहो, झेंड्याचा खांब बिनझेंड्याचा उभा करायला कोण विकत घेतं? आणि वेग निम्मा म्हणजे वाऱ्याचा जोर निम्मा नाही, पावच होतो, म्हणजे विकताना सांगितला त्याच्या चौथा हिस्सा दम आहे तुमच्या पोलमध्ये. तोही दिसला नाही, कारण त्या दिवशी दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा जागचे हलले नव्हते.

बसवण्यात चूक झाली असेल असंही तुम्ही लिहिलंय. खड्डा २ फूट खोल, तळाला खडी म्हणजे पाणी साचणार नाही, स्लीव्ह (पोल ज्यात उभा राहतो ती जमिनीतली नळी) दोन्ही बाजूंनी ओळंब्यात धरून काँक्रीट भरलं आणि आठवडाभर पोलला हात लावला नाही (घरचे रोज विचारायचे, झेंडा कधी?). झेंडा ३ बाय ५ फूट, तुमच्याच चार्टमधला. स्लीव्ह आजही सरळ आहे, लेव्हल लावून काढलेला फोटो जोडलाय.

वाकलाय तो वरून दुसऱ्या जोडाला. लॉकचं बटण ज्या भोकात बसतं ते गोल राहिलेलंच नाही, ताणून लांबट झालंय आणि कडेचा पत्रा दुमडलाय, नख लावलं तर उचकटतो. झेंडा फडफडताना नुसता ढकलत नाही, झटके देतो, ते सगळे झटके या एका भोकावर. व्हर्नियर लावला तर पाईपची जाडी जेमतेम १ मिमी, साईटवर २ लिहिलंय. याचं उत्तर तुमच्या एकाही मेलमध्ये नाही.

मला दुसरा तसलाच पोल नकोय. अखंड पाईपचा द्या नाहीतर पैसे परत करा, टणटण झाली तर दोरी घट्ट बांधेन मी. आणि साईटवर झेंड्यासकटचा आकडा वरती टाका, मोठ्या अक्षरात.

तोवर स्लीव्हमध्ये पाणी जाऊ नये म्हणून त्यावर रंगाचा रिकामा डबा उपडा घातलाय. लवकर कळवा.

तुमचा (अजून तरी) ग्राहक