“संगणकाला पासवर्ड होता” हे उत्तर आम्हाला मान्य नाही

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयातून नुकतेच संगणक चोरीला गेले. दाखल्यांसाठी दिलेल्या आधारच्या प्रती, बँक पासबुकांची पहिली पानं, मुलांचे जन्मदाखले, सगळं त्यांत होतं. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “काळजी करू नका, संगणकाला पासवर्ड होता.”

महोदय, ही फसवणूक आहे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की विंडोजचा पासवर्ड कोणी विचारतही नाही. सगळ्या फायली उघड्या. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, केलेली असती तर चोराला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नसतं. विंडोज प्रोमध्ये त्यासाठीचं बिटलॉकर असतंच, वेगळा पैसा लागत नाही. यंत्र मंदावतं ही सबबही जुनी झाली, कारण एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचं काम आजचे प्रोसेसर स्वतःच करतात.

बिटलॉकर चालू मात्र नीट करा. जुन्या यंत्रावर “फक्त वापरलेली जागा” निवडली तर पुसलेल्या फायलींचे अवशेष तसेच राहतात. संपूर्ण ड्राइव्हच निवडायचा. किल्ली जपणाऱ्या टीपीएम चिपला पिनची जोड द्या, नाहीतर यंत्र किल्ली स्वतःच सोडवून लॉगिनपर्यंत पोचतं. मदरबोर्ड बदलला की 48 आकडी रिकव्हरी की लागते. ती हरवली तर डेटा कायमचा गेला, म्हणून तिची प्रत जिल्हा कार्यालयाच्या तिजोरीत हवी, यंत्रावर चिकटवलेली नको. आणि संध्याकाळी यंत्र बंद करा. स्लीपमध्ये किल्ली मेमरीत राहते.

सर्व्हरचं वेगळं. चालू सर्व्हरची डिस्क उघडलेलीच असते. फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला हा उपाय अडवत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या पुरवठादाराला दारात उभं करू नका. पण बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत जाते तेव्हा ती पुसताच येत नाही. तिथे लिनक्सवरचं लक्स हे डिस्क एन्क्रिप्शन कामाला येतं. रात्री वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की डिस्क उघडायची पासफ्रेज (लांब पासवर्ड) कोण टाकणार? ड्रॉपबेअर हा छोटा प्रोग्राम बसवून एसएसएचवरून, म्हणजे दुरून सुरक्षित जोडणीने, टाकता येते, किंवा नेटवर्कवरून डिस्क आपोआप उघडायला मदत करणारा वेगळा टँग सर्व्हर कार्यालयातच ठेवता येतो. लक्सच्या हेडरची, म्हणजे किल्लीची माहिती असलेल्या भागाची, प्रत बाहेर ठेवा. हेडर बिघडलं तर खरी पासफ्रेजही निरुपयोगी. बॅकअपच्या डिस्का उघड्या ठेवल्या तर ही सगळी मेहनत वाया.

पासवर्ड बदलता येतो, आधार क्रमांक बदलता येत नाही. आता बँकेचा प्रत्येक मेसेज आम्ही धास्तीने उघडायचा, किती वर्षं? कुणाकुणाची कागदपत्रं गेली, हेही कोणी लेखी सांगत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 सालचा. त्यात सुरक्षेत हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद. त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये सरकारी यंत्रणांना सूट देण्याचीही सोय आहे. कागद सक्तीने मागणारे तुम्ही, मग जबाबदारीतून सुटका कशासाठी?

पुढच्या खरेदीच्या निविदेतच अट घाला: एन्क्रिप्शन चालू असल्याचा मॅनेज-बीडीई या बिटलॉकरच्या आज्ञेचा स्टेटस अहवाल प्रत्येक यंत्राबरोबर जोडल्याशिवाय पुरवठादाराचं बिल निघणार नाही.

आपले,
तालुक्यातील अर्जदार