स्कूटरची सीट मऊ नको, मापाची हवी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात रस्त्यांच्या दुरवस्थेविषयी वरचेवर बातम्या येतात आणि त्या यायलाच हव्यात; परंतु रस्ता आणि प्रवाशाचा मणका यांच्यामध्ये जी एक वस्तू असते तिच्याविषयी, म्हणजे दुचाकीच्या सीटविषयी, काही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. लातूरहून औशाच्या पुढे आडमार्गावरच्या एका गावातील शाळेत मी शिकवते आणि रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर स्कूटर चालवते. औशापर्यंतचा रस्ता बरा आहे. त्यापुढचा काळ्या जमिनीतून जातो. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डांबर कितीदा टाकले तरी रस्त्याला लाटा येतात त्या येतातच. तीन वर्षांत माझे माकडहाड दुखू लागले, म्हणून गेल्या वर्षी मी सीट बदलून घेण्याच्या मागे लागले. त्यात एकदा पैसे वाया गेले आणि एकदा काम मनासारखे झाले. माझ्यासारखे शिक्षक, ग्रामसेवक, आशाताई, बँकेचे वसुली कर्मचारी असे असंख्य लोक रोज एवढेच अंतर कापत असल्यामुळे हा अनुभव सविस्तर कळवावासा वाटला.

पहिली चूक माझीच होती. सीट टोचते म्हणजे ती कडक आहे, तेव्हा तिच्यावर आणखी मऊ थर चढवावा, असा सरळ हिशेब मी केला. एका दुकानात ८०० रुपये देऊन मूळ सीटवर दीड इंच गादीचा फोम आणि वर नवे चकचकीत रेक्झिन बसवून घेतले. पहिले चार दिवस राजेशाही थाट होता. महिनाभरात तो फोम बसला, म्हणजे दाबला जाऊन पोळीसारखा झाला, आणि प्रत्येक खड्ड्यात पूर्वीपेक्षा जोरात आपटल्यासारखे वाटू लागले. उंची मात्र वाढलेलीच राहिली. माझी उंची पाच फुटांहून कमी आहे. चढावर गाडी थांबवताना टाच टेकेना आणि एकदा भर चौकात मी गाडीसकट कलंडले. शिवाय रेक्झिनच्या जादा घड्या सीटच्या खालच्या कडेला कोंबल्यामुळे रबरी बटणे नीट टेकत नव्हती, त्यामुळे डिकीचे लॉक लागण्यासाठी दर वेळी सीटवर बुक्की मारावी लागे.

असे का होते ते मला नंतर कळले. बसल्यावर शरीराचे बहुतेक वजन बैठकीच्या दोन हाडांवर येते. मऊ फोम या दोन ठिकाणी पार तळापर्यंत दाबला जातो, हाडे खालच्या प्लॅस्टिकच्या बेसला जवळजवळ भिडतात आणि मधला फुगलेला फोम माकडहाडाला रेटू लागतो. मोटारसायकलवाल्याचे पाय त्याच्या शरीराखाली असतात, त्यामुळे खड्डा दिसला की फूटरेस्टवर जोर देऊन तो क्षणभर अंग उचलू शकतो. स्कूटरवर पाय पुढे फळीवर असतात, उठायला आधार नसतो आणि सगळा धक्का सरळ कण्यात जातो. त्यातच स्कूटरचे मागचे चाक अनेक मॉडेलांत १० इंचीच असते, म्हणजे मोठे चाक ज्या खड्ड्यावरून निघून जाईल त्यात ते उतरते. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत संवेदनशील असते, आणि फार मऊ, उसळता फोम असे हादरे गिळण्याऐवजी वाढवूही शकतो. आमच्या घरच्या जुन्या स्कूटरच्या पुढच्या सुट्या सीटखाली स्प्रिंगा होत्या. वडील त्यावर बसून लग्नसराईत गावोगाव फिरले आणि पाठीची तक्रार कधी केली नाही, अर्थात त्या काळी तक्रार करण्याची पद्धतही नव्हती.

दुसऱ्यांदा मी गंजगोलाई परिसरातील एका वयस्कर कुशनवाल्याकडे गेले. त्यांनी आधी गाडी पाहिलीच नाही, मला पाहिले. मग जाड पुठ्ठ्याचा तुकडा सीटवर ठेवून म्हणाले, “मॅडम, याच्यावर बसा अन् दोन मिनिटं हलू नका.” उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले होते. त्यांनी त्याभोवती पेन्सिलीने गोल काढले आणि तो पुठ्ठा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. नंतर स्क्रू ड्रायव्हरने बेसच्या कडेच्या पिना एकेक उपसून कव्हर काढले. आतला मूळ फोम बसायच्या जागी पिवळा पडून भुकटीसारखा सुटत होता, आणि दाबला तर त्यातून पाणी निघाले. मे महिन्यात! शिलाईच्या भोकांतून मागच्या पावसाळ्यात आत गेलेले पाणी तिथेच मुरलेले होते.

त्यांनी मूळ फोम फेकला नाही. झिजलेला भाग हॅक्सॉ ब्लेडने कापून काढला, तिथे दाबलेल्या चुऱ्याच्या कडक फोमचा तुकडा सोल्युशनने चिकटवला आणि दोन खळग्यांच्या मधोमध, माकडहाडाच्या रेषेत, बोटभर खोलीची चर ठेवली. त्यावर जेमतेम अर्धा इंच मऊ थर आला. खाली कडक आणि वर पातळ मऊ, हा त्यांचा सगळा सिद्धांत. दुकानात फोम मागताना लोक “४० डेन्सिटीचा द्या” म्हणतात आणि त्याला कडकपणा समजतात. वास्तविक डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन, आणि एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो, कडकही. डेन्सिटी जास्त असली की फोम साधारणपणे लवकर बसत नाही, एवढाच तिचा भरवसा. तेव्हा आकडा विचारावा, पण तुकडा अंगठ्याने तळापर्यंत दाबूनही पाहावा.

उंचीचा प्रश्न त्यांनी जसा सोडवला तो मला सर्वांत आवडला. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटरच्या सीटची उंची ७६५ मिलिमीटरच्या आसपास असते. मी फोम उतरवून सीट बुटकी करा म्हणत होते. त्यांनी नकार दिला, कारण फोम कमी केला की बेस लागणार. त्याऐवजी सीटचे पुढचे नाक, जिथे मांड्या फाकतात, दोन्ही बाजूंनी तासून अरुंद केले. पाय सरळ खाली जाऊ लागले आणि उंची तीच राहूनही दोन्ही पाय जमिनीला लागले. पुढचा उतारही त्यांनी काढून टाकला. तो उतार असला की ब्रेक मारताना शरीर पुढे घसरते आणि दिवसभर नकळत हातांनी रेटून बसावे लागते, हे मनगटे दुखत असूनही माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

कव्हर घालण्यापूर्वी त्यांनी फोमवर पातळ प्लॅस्टिक अंथरले आणि बसायच्या जागी शिलाई येणार नाही असे रेक्झिन बेतले. रंग मी राखाडी आणि पृष्ठ खरखरीत घेतले. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात शाळेच्या अंगणात उभ्या गाडीची काळी सीट कशी तापते, हे दुपारी दोन वाजता त्यावर बसलेल्यालाच ठाऊक. एकूण खर्च १४०० रुपये आला. दहा महिने झाले, फोम बसलेला नाही. दुखणे पूर्ण गेले असे मी म्हणणार नाही, पण शनिवारी घरी आल्यावर आडवे पडावे लागत असे, ते आता पडावे लागत नाही.

मागे बसणाऱ्याचा विचार मात्र बहुतेक कारागीर करत नाहीत. आपल्याकडे साडी नेसलेल्या स्त्रिया अजूनही एका बाजूला बसतात. मागच्या भागाला गोलाई दिली की त्यांची घसरण्याची भीती वाढते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागच्या प्रवाशासाठी पक्के हँडल, फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धे चाक झाकणारी जाळी आवश्यक आहे. सीट रुंद करताना हँडल काढून टाकण्याचा सल्ला मलाही एका दुकानात मिळाला होता. तो कुणीही मानू नये. सीट बदलणे बेकायदा तर नाही ना, अशी शंका सहकाऱ्यांनी विचारली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बदल म्हणजे वाहनाच्या मूळ स्वरूपात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे स्पष्टीकरण आहे. फोम आणि कव्हर बदलणे त्यात बसत नाही असे माझे वाचन आहे. चासी कापून सीट खाली घेणे ही गोष्ट निराळी.

आणि सीटला हात लावण्याआधी टायरमधली हवा व मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर जरूर तपासून घ्यावा. पेट्रोल पंपावर “टाईट भर” म्हणण्याची आपली सवय असते आणि दगडासारख्या टायरचा दोष आपण सीटला देतो.

दुचाकी कंपन्यांकडे माझे एक मागणे आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ पासून दुचाकींचा मोठा कारखाना आहे, म्हणजे हा उद्योग आपल्या दारात आहे. गाडीचे आठ-दहा रंग मिळतात, मग अरुंद नाकाची एक आणि रुंद बैठकीची एक अशा दोन सीटा निवडीला का मिळू नयेत? तोवर हे काम आपल्या कुशनवाल्यांच्याच हातात आहे. मी ज्यांच्याकडून सीट करून घेतली त्या मामांना मुलगा आहे, पण तो या धंद्यात नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवला जातो, त्याच्या जोडीला महिनाभराचे सीटकामही ठेवावे, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी. हे पत्र पावसाळ्यापूर्वी छापता आल्यास बरे, कारण एकदा फोमने पाणी प्यायले की वाळवायला मूळ सीट आठवडाभर उघडी ठेवावी लागते आणि तेवढे दिवस गाडी बंद राहते.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, लातूर