देव मानला म्हणून आयुष्य वाया?

महोदय,

देवभक्तीत आयुष्य फुकट जाते, हा सूर हल्ली बराच ऐकू येतो. मला तो अर्धाच पटतो. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. नवसाला बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, म्हणून सांगत. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधली, मंदिर नव्हे. त्यांचे आयुष्य वाया गेले म्हणायची कोणाची छाती आहे? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही वारी-कीर्तनाला हात लावलेला नाही. रोख भोंदूंवर आहे. देव आहे की नाही, मला ठाऊक नाही (तावातावाने वाद घालणाऱ्यांनाही नसावे). पण पोर तापाने फणफणले असताना दवाखाना सोडून अंगारा लावत बसणाऱ्याशी मी भांडणारच.

– एक वाचक, मिरज