रुबिनस्टाइनचा डाव पहिल्या चालीपासून मांडल्याबद्दल

आदरणीय सर,

रोटलेव्ही (पांढरा) विरुद्ध रुबिनस्टाइन (काळा), वुच (आजच्या पोलंडमध्ये), १९०७. बुद्धिबळाचा हा डाव तुम्ही थेट वजिराच्या बळीपासून न दाखवता पहिल्या चालीपासून मांडलात, त्याबद्दल मनापासून आभार. बळी सगळेच दाखवतात, पण तो शक्य कसा झाला ते राहून जातं.

पंधराव्या चालीला पांढऱ्याने किल्लेकोट केला आणि तुम्ही पट थांबवलात. दोन्ही बाजू आरशात पाहाव्यात तशा सारख्या! फरक एवढाच की पांढऱ्याचा हत्ती एफ१ वर आणि काळ्याचा डी८ वर, मोकळ्या फाइलवर, म्हणजे प्याद्यांचा अडथळा नसलेल्या उभ्या रांगेत. शिवाय चाल काळ्याची. सुरुवात पांढऱ्याने केलेली असताना हे झालं कसं, हे तुम्ही आम्हाला मोजायला लावलंत. पांढऱ्याचा वजीर आधी डी२, मग ई२: एक चाल गेली. उंट डी३ वर आला, प्यादं घ्यायला सी४ वर गेला, परत डी३ वर आला: दुसरी गेली. काळा सी४ वर मारायला उंट हलेपर्यंत थांबला, म्हणूनच ही दुसरी चाल मिळाली.

पुढे पांढऱ्याने ई-प्यादं ई४, मग ई५ असं ढकललं आणि काळ्याच्या दोन्ही उंटांच्या रेषा स्वतःच मोकळ्या केल्या. एकोणिसाव्या चालीला बी६ वरून शह बसला तो त्यामुळेच.

बाविसाव्या चालीला काळ्याचा वजीर एच४ वर मरत असताना त्याच्या हत्तीने सी३ वरचा घोडा मारला. घोडाच का? ई४ वरच्या पांढऱ्या उंटाला आधार दोघांचाच, हा घोडा आणि ई२ वरचा वजीर. पांढऱ्या उंटाने तो हत्ती मारला असता, तर काळ्या उंटाने ई४ वरचा उंट मारून शह, पांढऱ्या वजिराने परत मारलं की काळ्या वजिराची एच२ वर मात. जी४ चा घोडा पाठीशी आहेच. म्हणून पांढऱ्याने वजीर घेतला. मग दुसरा हत्ती डी२ वर, उरलेला आधार ओढायला! वजिराने तो मारला, ई४ वरचा उंट पडला, शह अडवायला वजीर जी२ वर आला आणि तिथेच पिन झाला, म्हणजे हलला तर राजा उघडा पडेल असा अडकला. पंचविसाव्या चालीला हत्ती एच३ वर. पिनमुळे वजिराला तो मारता येत नाही, एच२ वरची मात टळत नाही. रोटलेव्हीने डाव सोडला.

पुढच्या वर्गालाही पट पंधराव्या चालीला असाच थांबवा, ही विनंती.

तुमचे विद्यार्थी