बंदूक तेवढी वेळेवर नेलीत!

मनिलात बसून फिलिपिन्सच्या दक्षिणेकडल्या मिंदानाव बेटाच्या शांततेचं खातं सांभाळणाऱ्या माननीय साहेबांस,

कोटाबाटो सिटीहून सादर नमस्कार. इंग्रजीत तीन अर्ज केले, साधी पोचही आली नाही. म्हणून आता मराठीत. तुम्हाला कळणार नाही, पण कळून तरी काय केलंत?

मी मूळचा खेडचा, रत्नागिरी जिल्हा. कुवेतला नोकरीत असताना इथल्या मोरो, म्हणजे मिंदानावच्या मुसलमान, नर्सशी निकाह झाला आणि बारा वर्षांपूर्वी सासुरवाडीलाच येऊन राहिलो. बायकोच्या नावावर किराणा दुकान आहे.

काल, 13 ऑक्टोबर 2025 ला, बांगसामोरो संसदेची, म्हणजे इथल्या मुसलमानबहुल स्वायत्त प्रदेशाच्या विधिमंडळाची, निवडणूक व्हायची होती. पहिलीवहिली! तुमचा आणि एमआयएलएफ या मोरो बंडखोर संघटनेचा करार मार्च 2014 चा. मतदान 2022 साठी ठरलं, ते 2025 च्या मे महिन्यावर गेलं, मग ऑक्टोबरवर, आणि आता कोर्ट म्हणतं 31 मार्च 2026 च्या आत घ्या. सुलू या बेटांच्या प्रांताने 2019 च्या कौलात या प्रदेशात यायला नको म्हटलं तरी त्यांना आत ओढलंत. गेल्या वर्षी कोर्टाने त्यांना बाहेर काढलं आणि त्यांच्या सात जागा वाटता वाटता निवडणूकच गेली. मुंबई-गोवा हायवेच्या तारखा ऐकून माझे कान तयार आहेत. सासऱ्यांचे नाहीत. मतदानासाठी त्यांनी नवा शर्ट शिवून घेतला होता. मी गर्दीच्या आशेने पाण्याचे साठ खोके उधारीवर आणले. ते आता कोण पिणार, तुम्ही?

खरं दुखणं मेव्हण्याचं. सतराव्या वर्षी एमआयएलएफमध्ये गेलेला माणूस. त्याने रायफल दिली, तुम्ही फोटो काढलात, एक लाख पेसो दिलेत. घर, पोरांचं शिक्षण, धंद्याला मदत हे सगळं 'पुढच्या टप्प्यात'. लाखातले निम्मे जुन्या देण्यात गेले, उरलेल्यात म्हैस घेतली, ती पावसाळ्यात मेली. पुढच्या टप्प्याच्या भरवशावर मी त्याला चाळीस हजार दिले. माझे चाळीस हजार, साहेब! बायकोला अजून सांगितलेलं नाही. पत्र मराठीत लिहिण्याचं तेही एक कारण. त्याच्यासोबत या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडून माझी शुगर 280 वर गेली.

इथे 'रिदो' म्हणतात, म्हणजे आपली भाऊबंदकीच, फक्त गोळीने चालणारी. पलीकडच्या घराण्याकडे बंदुका आहेत. आमच्याकडे तुम्ही काढलेला फोटो आहे.

26,145 जणांनी शस्त्रं खाली ठेवली, ही तुमची प्रगती. त्यातला एकही मार्गी लागला नाही, हे एमआयएलएफचं उत्तर. म्हणून जुलैत त्यांनी उरलेल्या 14 हजारांना थांबवलं. एकही नाही हे मला पटत नाही. आमच्याच गल्लीतला एक जण ट्रायसिकल चालवतो, कर्जाची का असेना. पण तुम्ही दोघं मोजता ती डोकी, आणि त्यांना पोटंही असतात.

1976 ला त्रिपोली, 1996 ला पुन्हा करार, 2008 चा कोर्टाने मोडला, मग 2014. लाखावर माणसं मेली म्हणतात. बोलणी मात्र नेहमी 'पुढे सरकलेली'. आणि आमचे पुढारी तरी काय? जंगलात एका पानात जेवलेले आता खुर्चीसाठी एकमेकांकडे बघत नाहीत. मार्चमध्ये मनिलाने मुख्यमंत्री बदलला, तेव्हापासून तर बघायलाच नको. पोस्टरवर आडनावं तीच, बाप जाऊन मुलगा आला एवढाच फरक. पळसाला पानं तीनच, खेडलाही आणि इथेही.

तर मेव्हण्याचं घर कधी, ते लेखी कळवा. तारीख खोटी असली तरी चालेल, बायकोला दाखवायला होईल.

आपला,
मत नसलेला एक खेडवाला

ता.क. पाण्याच्या खोक्यांवर मुदत मार्चपर्यंतचीच आहे.